घाटघरची गाडी आणि अडतीस टक्के

सोमवार, २१ सप्टेंबर २००९. ओतूर.

आज एका दिवसात चार वेळा अपमान झाला. क्रमाने लिहून ठेवतो.

सकाळी ९.१० ला सावळेराम आण्णांच्या बंगल्यावर पोचलो. आण्णा आमचे दोन वेळचे आमदार. बाहेरच्या बाकावर १२.४० पर्यंत बसवून ठेवलं आणि मग एकाने येऊन सांगितलं, "आण्णा मगाशीच मागल्या दारानं गेलं." दुपारी गेणूभाऊंकडे गेलो. हे यंदा आण्णांना पाडायला निघालेत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला, "काका, तुमचं काम झालं आसं समजा," म्हणाले आणि काम कोणतं ते न विचारताच गाडीत बसून गेले. तिथून डेपोत. तिथला मॅनेजर माझ्याच हाताखाली शिकलेला. तो म्हणाला, "आमदारांचं पत्र आणा, मग बघू." चौथा अपमान घरी झाला. एवढी पायपीट सविस्तर सांगितल्यावर आमची मंडळी, कुशा, गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला हुक लावता लावता म्हणाली, "ते समदं ऱ्हाऊ द्या. गाडी कवा सुरू व्हनार?"

गाडी म्हणजे जुन्नर–घाटघर मुक्कामी एसटी. संध्याकाळी ५.३० ला जुन्नरहून सुटायची, रात्री घाटघरात थांबायची आणि सकाळी सहाला माणसं घेऊन परत यायची. दोन वर्षं झाली, बंद आहे. माझी थोरली बहीण भागूआक्का घाटघरात दिलेली. तिचे गुडघे गेलेत. खासगी जीपच्या मागच्या फळीवर लोंबकळत येणं तिच्याच्याने होत नाही, त्यामुळे दोन दिवाळ्या ती माहेरी आलेली नाही. यंदाही यायची नाही.

ही वही कुणी वाचत नाही म्हणून पुढचं लिहितो. ती गाडी माझ्या अहवालावर बंद झाली. मी वाहतूक नियंत्रक होतो, निवृत्तीला एक महिना राहिला होता. घाटघर फेरीचं भारमान, म्हणजे शंभर जागांमागे किती माणसं बसतात, ते वर कळवायचं होतं. तेवीस होतं, तेवीस लिहिलं. चाळीस लिहिलं असतं तर कुणी मोजायला आलं नसतं. आक्काला हे माहीत नाही. कुशाला माहीत आहे आणि ती त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही, हे जास्त त्रासाचं आहे.

गुरुवार, २४ सप्टेंबर

उमेदवारी अर्ज भरला. अपक्ष.

आमदाराचं पत्र हवं ना? मग आमदारच होतो. तीन दिवस विचार केला आणि यात मला एकही चूक सापडली नाही. दहा सूचक लागतात. नऊ मिळाले. दहाव्या सहीसाठी स्टँडसमोरच्या रिखबचंदच्या कापडदुकानात गेलो. चाळीस वर्षांची मैत्री. त्याने सही करायला साफ नकार दिला, पण पेन दिलं. शेवटी दहावी सही आमच्या न्हाव्याने केली.

कुशाला सांगितलं तेव्हा तिने शिलाई मशिनवरचा पाय थांबवला. म्हणाली, "आक्कासाठी उभं ऱ्हाताय न्हवं? मग ऱ्हावा." एवढ्या सहज परवानगी मिळेल असं वाटलं नव्हतं.

बुधवार, ३० सप्टेंबर

चिन्ह मिळालं. मी 'बस' मागितलं होतं. छत्तीस वर्षं एसटीत काढलेल्या माणसाला बस द्यायला काय हरकत होती? ती दुसऱ्याच कुणाला गेली. मला शिवणयंत्र.

कुशा दिवसभर हसते आहे. तिच्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायकाही हसतात. मी विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे, तर आणखी हसल्या.

गुरुवार, १ ऑक्टोबर

प्रचार सुरू. रिक्षा आणि कर्णा भाड्याने घेतला. माझा आवाज तालुक्यात सगळ्यांना पाठ आहे, हीच माझी शक्ती. स्टँडजवळ रिक्षा उभी केली आणि सुरुवात केली, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे." एकदम चाळीसेक माणसं पिशव्या, पोरं, कोंबड्या घेऊन धावत आली. एक म्हातारी रिक्षात चढूनच बसली. मी म्हटलं, "मावशी, ही गाडी नाही, हा प्रचार आहे." ती म्हणाली, "मंग मला आळेफाट्याला सोडून प्रचार कर बाबा." सोडली. एक मत नक्की झालं.

दुपारी रिखबचंदच्या दुकानात टेकलो असताना पुण्याची एक मुलगी आली. आरोही नाव. पुण्याच्या कुठल्याशा वर्तमानपत्रासाठी जनमत चाचणी करते आहे. हातात फॉर्म, तोंडावर ऊन लागलेलं. हुशार वाटली. निष्पक्षपणासाठी तिने चांगली काळजी घेतली आहे: जीपचा ड्रायव्हर आण्णांच्या दूध संस्थेतला घेतलाय आणि वाट दाखवायला गेणूभाऊंचा पुतण्या. दोघेही प्रत्येक घरात तिच्या मागे उभे राहतात, म्हणजे कुणाला काही बोलायला जागा नको.

तिने रिखबचंदला विचारलं, "काका, मत कोणाला देणार?" रिखबचंदने एकदा ड्रायव्हरकडे पाहिलं, एकदा पुतण्याकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाला, "आमच्या कंट्रोलरला. लिहून घे." दुकानातल्या तिन्ही गिऱ्हाइकांनीही माझंच नाव सांगितलं.

ते लोक गेल्यावर मी रिखबचंदचा हात धरला. तो म्हणाला, "अरे, माझ्याकडे आण्णाची माणसं कापड घेतात, गेणूची पण घेतात. तुझ्याशिवाय मी दुसरं कुणाचं नाव घेऊ?" डोळ्यांत पाणी आलं. सही का दिली नाहीस, ते मग विचारलं नाही.

रविवार, ४ ऑक्टोबर

वर्तमानपत्र समोर ठेवून लिहितो आहे.

कुंडलिक (अपक्ष, शिवणयंत्र) ३८ टक्के. सावळेराम आण्णा २४. गेणूभाऊ २१. सांगता येत नाही १७. बारा गावं, दोनशे चाळीस मतदार. शीर्षक: 'जुन्नरमध्ये सुप्त लाट.' माझा फोटो निवृत्तीच्या वेळचा आहे, गळ्यात हार आणि हातात नारळ. कुठून मिळाला कोण जाणे.

गावोगाव मला पाहिल्यावर लोक असे गालात का हसत होते, ते आज कळलं. ती लाट होती. मी ती थट्टा समजत होतो.

कुशाने बातमी दोनदा वाचली. मग चष्मा काढून म्हणाली, "त्या पोरीच्या मागं कोन कोन उभं व्हतं म्हनालात?" मी सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि कात्री घेऊन बसली. बायकांना राजकारणात रस नसतो, दुसरं काय.

सोमवार, ५ ऑक्टोबर

सकाळपासून अकरा लोक भेटायला आले. त्यातले दोघे शिव्या द्यायला आले होते, पण चहा घेऊन गेले.

कुशाला जाकीट शिवायला सांगितलं. आमदाराला जाकीट लागतं. तिने शिवलं. बाहेरून उत्तम, आतलं अस्तर मात्र ब्लाउजांच्या उरलेल्या तुकड्यांचं, त्यात एक गुलाबी आहे. जाकीट काढायचं नाही, म्हणजे झालं.

जाहीरनामा नव्याने लिहिला. १) जुन्नरला विमानतळ. २) धरणात बोटी. ३) बिबट्यांसाठी वेगळं अभयारण्य, म्हणजे ते उसातून बाहेर जातील. ४) घाटघर मुक्कामी गाडी.

कुशा वाचून म्हणाली, "गाडी चवथ्या लंबरला गेली व्हय?" मी म्हटलं, तालुक्याचा विचार करायचा तर एका गावाला धरून बसता येत नाही. आमदार म्हणून सही कशी करायची याचा एक पान सराव केला. तिसरी सही चांगली आली आहे.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

आण्णा स्वतः घरी आले. ज्यांनी मला साडेतीन तास बाकावर बसवलं, ते माझ्या पलंगावर बसले. म्हणाले, "कंट्रोलर, तुमी मानूस साधं. तुमच्या मागं जनता हाय, आमाला दिसतंय. पन संसाराला हातभार लागतो. शेवटल्या सभेत मला पाठिंबा द्या. बोला, काय पायजे तुमाला?"

मी म्हटलं, "जनतेचा कौल विकायला काढलेला नाही." हे वाक्य मी काल तयार करून ठेवलं होतं.

आण्णा उठले. रिकामा कप घेऊन स्वतः स्वयंपाकघरात ठेवायला गेले. आमदार माणूस आपला कप आपण नेऊन ठेवतो, हे पाहून मन भरून आलं. कप ठेवायला अकरा मिनिटं लागली.

बुधवार, ७ ऑक्टोबर

गेणूभाऊ आले. तेच बोलणं, फक्त 'कंट्रोलर'च्या जागी 'काका'. मीही तेच वाक्य बोललो, कालच्यापेक्षा सफाईने. त्यांनीही कप आत नेऊन ठेवला. पुढाऱ्यांना हल्ली चांगली सवय लागली आहे. नऊ मिनिटं.

नंतर कुशाला विचारलं, आत काय बोलत होते? म्हणाली, "काय न्हाई. त्यांच्या मंडळीचं ब्लाउज टाकायचंय म्हनं." आण्णांचं काय होतं? "त्यांच्या मंडळीचं बी."

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

संतापाने लिहितो आहे.

सकाळी आक्काचा फोन आला. घाटघरात फोनला रेंज फक्त देवळामागच्या टेकाडावर येते, म्हणजे ती गुडघे घेऊन टेकाड चढली. ओरडत होती, "कुंडलिका, काल आपल्या गावात येश्टी आली. एक न्हाई, दोन आल्या."

डेपोत फोन लावला. मॅनेजर रडकुंडीला आलेला. म्हणाला, "साहेब, परवा वरून फोन आला, दिवाळीची जादा गाडी म्हणून घाटघर मुक्कामी सोडा. सोडतो म्हटलं. तासाभराने दुसऱ्या वरून फोन आला, आमची पण सोडा. कुणाला नाही म्हणू?" काल दोन गाड्या पाचच मिनिटांच्या अंतराने घाटघरात पोचल्या. वरच्या आळीचे लोक म्हणाले ही आण्णांची, खालच्या आळीचे म्हणाले ती गेणूभाऊंची. दोन्ही कंडक्टर देवळाच्या ओट्यावर पाठीला पाठ लावून जेवले. आजपासून एकच गाडी जाणार आहे, पण ती कुणाची हे दोन्हीकडचे आपापल्या परीने सांगत आहेत.

म्हणजे दोघांनी मिळून माझा मुद्दा पळवला. आता मी कोणत्या तोंडाने गाडीचं आश्वासन देऊ? कुशापुढे बराच वेळ तावातावाने बोललो. ती टाका घालता घालता थांबली आणि म्हणाली, "मला वाटलं, आक्का येनार म्हनून तुमी नाचाल."

मला खरोखर लाज वाटली. पंधरा दिवसांपूर्वी मी कशासाठी उभा राहिलो आणि आज गाडी सुरू झाली म्हणून कुणाला शिव्या देतो आहे. हे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही.

रविवार, ११ ऑक्टोबर

पाच वाजता प्रचार संपला. साडेतीनला बाजारतळावर माझी शेवटची सभा. एवढी गर्दी मी दिवाळीच्या आदल्या दिवशी स्टँडवरसुद्धा पाहिली नाही. डावीकडे आण्णांची माणसं, उजवीकडे गेणूभाऊंची, दोघांकडेही हार. माझ्यासाठीच आणले असावेत.

भाषणात विमानतळ गाळायचा आणि गाडीने सुरुवात करायची असं ठरवलं होतं. पण घसा दोन दिवस धरला होता आणि दुपारी कुशाने काढा करून दिला, त्याने उरलासुरला आवाजही गेला. तिच्या काढ्याने आजवर घसा मोकळाच झालेला आहे, या वेळी काय बिनसलं कळत नाही. माइकसमोर तोंड उघडलं तर नुसती हवा.

तेव्हा कुशा उठली. बत्तीस वर्षांत ती लग्नाच्या मांडवाखेरीज कुठे चार माणसांसमोर बोललेली नाही. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "ह्यांचा घसा बसलाय. पन ह्यांच्या मनात कुनाचं नाव हाय, ते ज्याला कळायचं त्याला कळलंय. मी काय येगळं सांगू?"

डावीकडून टाळ्या पडल्या. उजवीकडून त्याहून मोठ्या पडल्या. दोन्हीकडच्यांनी मला हार घातले आणि एकमेकांकडे पाहून हसले. एवढं एकमत या तालुक्यात मी आजवर पाहिलेलं नाही. मला वाटतं, मी आमदार होतो आहे.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

मतदान केलं. ७.०४ ला, रांगेत तिसरा. शिवणयंत्रासमोरचं बटण दाबलं, लांब पिप्प आवाज झाला. माझं नाव मशिनवर छापलेलं पाहून उगाच हुंदका आला. सहीचा सराव आज केला नाही.

सोमवार, १९ ऑक्टोबर. भाऊबीज.

आक्का आली.

काल संध्याकाळीच निघणार होती, पण गाडी घाटघरहून सकाळीच सुटते, म्हणून आज सहाच्या गाडीने निघाली आणि जुन्नरला बदलून ९.४० ला ओतूरच्या स्टँडवर उतरली. मी आठपासून उभा होतो. पायरीवरून उतरताना तिने माझ्या खांद्याला धरलं. हाताचं वजन कमी झालंय. हातात तांदळाची पिशवी होती, ती तिने कुणाला घेऊ दिली नाही.

दुपारी तिने ओवाळलं. मी पाटावर जाकीट घालून बसलो होतो. ओवाळून झाल्यावर, अगदी सहज, खात्रीसाठी म्हणून विचारलं, "आक्का, घाटघरात मतदान कसं झालं?"

"बेस झालं," ती म्हणाली. "वरल्या आळीनं समदं आण्णाला दिलं. खालच्या आळीनं समदं गेणूला."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "आणि मला?"

"तुला कसं द्यायचं? आमी बाया देवळात बसून ठरवलं. गाडी दोघांनी धाडलीया. एकालाच मतं दिली आन् दुसरा निवडून आला, तर गाडी गेली. म्हून आळ्या वाटून घेतल्या. कुनी बी येऊ दे, त्याला घाटघरची मतं दिसली पायजेत. तुला एक बी द्यायचं न्हाई, आसं मीच समद्यांना दटावून सांगितलं. तुला दिलेलं मत वाया गेलं आसतं."

"अगं, पण चाचणीत अडतीस टक्के होते."

आक्काने तबक खाली ठेवलं. "ती पोरगी आमच्याकडं बी आली व्हती. तिच्या मागं दोन्हीकडची मानसं उभी. आण्णाचं नाव घ्यावं तर गेणूच्या पुतन्याला राग. गेणूचं घ्यावं तर दुधाच्या डायवरला राग. मंग समद्यांनी तुजंच नाव सांगितलं. तुजा कुनाला राग न्हाई, तुजं कुनाला भ्या न्हाई. ह्ये काय वंगाळ हाय का?"

कुशा भांडी घेऊन आत गेली. तिला कपाट पुसायचं काहीतरी आठवलं.

सगळा राग एकदम आला आणि कुणावर काढावा ते कळेना. रिखबचंदने माझ्या डोळ्यांदेखत ड्रायव्हरकडे पाहिलं होतं, पुतण्याकडे पाहिलं होतं. मी ते पाहून लिहूनही ठेवलं होतं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. एवढ्या माणसांनी माझं नाव घेतलं ते मी कुणाचं काही वाकडं करू शकत नाही म्हणून. मग रागारागात मी आक्काला जे दोन वर्षं सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं. म्हटलं, "ती गाडी मीच बंद केली होती. माझ्या सहीने."

"म्हाईतंय," आक्का म्हणाली. "कंडक्टरनं तवाच सांगितलं. तू तेवीस लिवलंस."

"मग बोलली का नाहीस?"

"तेवीसच व्हतं की. तू खरं लिवलंस आन् गाडी गेली. आमी खोटं सांगितलं आन् गाडी आली. आता कुनाला काय बोलायचं?"

मी म्हटलं, "म्हणजे आण्णांना गाडीबद्दल मतं, गेणूला गाडीबद्दल मतं. मी एवढे दिवस उन्हात फिरलो, मला काय?"

"तुला ववाळलं न्हाई का?" आक्का म्हणाली आणि माझ्या तोंडात करंजी कोंबली.

जाकीट काढून ठेवलं. अस्तर पाहून आक्का पोट धरून हसली. मग मीही हसलो.

गुरुवार, २२ ऑक्टोबर

मतमोजणी. उमेदवार म्हणून आत बसायला मिळालं. बाहेर दोन्ही बाजूंनी गुलालाची पोती. आण्णांचा प्रतिनिधी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "कंट्रोलर, तुमचा शब्द आमच्या ध्यानात हाय." थोड्या वेळाने गेणूभाऊंचा प्रतिनिधी येऊन तेच म्हणाला. मी कुणाला कसला शब्द दिला होता ते मला अजून समजलेलं नाही. घरी जाऊन कुशाला विचारलं तर म्हणाली, "मानसांना इलेक्शनात भास व्हत्यात."

निकाल असा: गेणूभाऊ निवडून आले, आण्णा नऊशे चाळीस मतांनी पडले. मला एक हजार एकशे सत्याऐंशी. अनामत गेली. पण एक हजार एकशे सत्याऐंशी माणसं म्हणजे जवळजवळ चोवीस गाड्या भरून होतात, सगळे बसलेले, उभा एकही नाही. एवढ्या माणसांनी कुणी मागे उभं नसताना माझं बटण दाबलं. हा हिशोब मी मोजणीच्या टेबलाशी बसूनच केला आणि मला बरं वाटलं.

गेणूभाऊ गुलालाने माखलेले बाहेर आले तेव्हा मी पुढे झालो. त्यांनी मला मिठी मारली. म्हणाले, "काका, घाटघरची खालची आळी बघितली का? समदी आपली. ती गाडी आता बंद व्हनार न्हाई, दिवाळी संपली तरी. मॅनेजरला हितंच बोलावलंय." मॅनेजर मागे उभाच होता. मान हलवत होता. मी त्याला म्हटलं, महिन्याचं भारमान नीट लिहीत जा. तो म्हणाला, "साहेब, सध्या एकसष्ट आहे. खरं." एकसष्ट. मी दोनदा विचारून घेतलं. गाडीचं काम झालं. ते मी केलं असं म्हणता येणार नाही, पण मी उभा राहिलो नसतो तर झालं नसतं, एवढं या वहीत म्हणायला हरकत नाही.

फक्त एक गोष्ट मनाला लागून राहिली. घाटघरचं मशिन उघडलं तेव्हा मी मुद्दाम टेबलाजवळ जाऊन उभा राहिलो. माझ्या नावापुढे शून्य येणार हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं आणि ते ऐकायची मी तयारी करून आलो होतो. अधिकाऱ्याने वाचलं: सावळेराम एकशे अडुसष्ट, गेणू एकशे चौऱ्याहत्तर, शिवणयंत्र एक.

एक कसं? सगळं ठरलं होतं, आळ्या वाटून झाल्या होत्या, शिस्त म्हणजे शिस्त. मी पुन्हा वाचायला लावलं. एकच.

घरी आल्यावर आक्काला विचारलं. ती उद्याच्या गाडीसाठी पिशवी भरत होती. म्हटलं, "आक्का, तू एवढं दटावून सांगितलंस, तरी हे एक मत मला कुणी दिलं? वरच्या आळीतलं की खालच्या?" तिने पिशवीतून डोकं वर काढलं नाही. खांदे हलत होते, हसत असावी. म्हणाली, "आसंल कुना म्हातारीचं बोट घसरलं."

तसंच झालं असणार. तिकडच्या बायकांना अजून मशिनची सवय नाही. पुढच्या वेळी मतदानाआधी त्यांना नीट शिकवायला हवं.